भाता, ऐरण आणि दांडा



औजार कोणी शोधून काढले, पहिले कोठे घडले, याचा इतिहास पुस्तकांतून सापडतो. ते झिजल्यावर, मोडल्यावर किंवा त्याचा दांडा निसटल्यावर कोणी नीट करून दिले, याचा इतिहास मात्र फारसा कोणी लिहिलेला नाही. वास्तविक शेतकऱ्याच्या घरची कुदळ एकदाच घडते आणि त्यानंतर वर्षानुवर्षे दुरुस्त होत राहते. म्हणून बेळगाव-निपाणीच्या टापूत, आणि त्यातही सांबऱ्यासारख्या गावात, शेतीच्या हत्यारांची डागडुजी कोणाच्या हाती होती आणि ती तेथून कोणाच्या हाती गेली, एवढाच प्रश्न आज मी घेणार आहे. प्रश्न दिसतो तेवढा लहान नाही. ज्याच्यावाचून आपल्या नांगराच्या फाळाला टोक येत नाही, त्याच्या मर्जीवर आपली पेरणी अवलंबून असते.

ही गोष्ट एका प्राचीन राज्यकर्त्या जमातीने पुरती ओळखली होती. बायबलच्या जुन्या करारात शमुवेलाचा पहिला ग्रंथ आहे. त्याच्या तेराव्या अध्यायात असे सांगितले आहे की, पलिष्टी लोकांनी इस्राएलांच्या मुलखात एकही लोहार राहू दिला नव्हता. इब्री लोक तलवारी आणि भाले घडवतील ही त्यांची भीती. परिणाम असा झाला की, फाळ, कुदळ किंवा कुऱ्हाड यांना धार लावून घ्यावयाची असली, तरी इस्राएली शेतकऱ्याला डोंगर उतरून शत्रूच्या दारी जावे लागे आणि तो मागेल ते मोल द्यावे लागे. त्या मोलासाठी मूळ ग्रंथात 'पीम' असा शब्द आहे. शतकानुशतके त्याचा अर्थ कोणाला लागत नव्हता. १६११ सालच्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात तर तेथे 'कानस' असे म्हटले आहे. पुढे विसाव्या शतकात पॅलेस्टाईनच्या उत्खननांत हीच अक्षरे कोरलेली लहान दगडी वजने सापडली आणि उलगडा झाला. पीम म्हणजे चांदी तोलण्याचे वजन, सुमारे साडेसात ते पावणेआठ ग्रॅम भरणारे. एका फाळाच्या धारेसाठी एवढी चांदी! शेतकरी आपला, जमीन आपली, बैल आपला. पण भाता परक्याचा, आणि म्हणून सारेच परक्याच्या हाती.

आपल्याकडील गावगाड्याने या प्रश्नाचे उत्तर निराळ्या रीतीने दिले. त्याने भाता आणि ऐरण गावाच्या शिवेच्या आत आणून ठेवली आणि लोहाराला व सुताराला धान्याने बांधून घेतले. हेच बलुते. बेळगावच्या सीमाभागात मराठी माणूस बलुते म्हणे, तर कानडी माणूस त्यालाच आय म्हणे आणि ते घेणाऱ्याला आयगार. व्यवहार मात्र एकाच खळ्यावर चाले. बारा बलुतेदारांची यादी गावोगाव थोडीफार बदलते. तथापि सुतार आणि लोहार कोणत्याही यादीतून सुटत नाहीत, आणि त्यांची गणना बहुधा पहिल्या, म्हणजे थोरल्या ओळीत होते.

बलुते म्हणजे नव्या वस्तूची किंमत, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाही. सर्वसाधारण रिवाज असा होता की, नवी गाडी किंवा नवा नांगर करावयाचा तर लाकूड-लोखंड शेतकऱ्याने द्यावे आणि मजुरीचे निराळे ठरवावे. बलुते होते ते सालभराच्या दुरुस्तीचे. सुगी झाली की औतामागे ठरलेल्या पेंढ्या आणि ठरलेले धान्य कारागिराने खळ्यावरून न्यावे. त्याच्या मोबदल्यात वर्षभर फाळाला टोक काढून द्यावे, कुळवाची फास सरळ करून द्यावी, कुऱ्हाडीला धार द्यावी, रुमणे सैल झाले तर बसवून द्यावे. आजच्या भाषेत याला देखभालीचा वार्षिक करार म्हणता येईल. या करारात एक शहाणपण दडलेले होते. लोहाराला एका फाळामागे पैसे मिळत नसत. म्हणून फाळ लवकर झिजण्यात त्याचा काही लाभ नव्हता. उलट, काम टिकाऊ झाले तर त्याचाच फेरा वाचे.

परंतु म्हणून या पद्धतीचे नुसते गोडवे गाणे मला योग्य वाटत नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांचे 'गावगाडा' १९१५ साली प्रसिद्ध झाले, आणि त्यात बलुत्याची वर्णने आहेत तशी त्यातील ओढाताणीचीही आहेत. पाऊस पडला की सारा गाव एकाच सकाळी लोहाराच्या दारात उभा राही. ज्याचे घर मोठे, त्याचा फाळ आधी भट्टीत जाई. पीक बुडाले की कारागिराचे बलुतेही बुडे, काम मात्र बुडत नसे. आणि ज्या व्यवस्थेत माणसाचा धंदा त्याच्या जन्मावर ठरतो, त्याच खळ्यावर महार-मांगांना बलुत्याबरोबर अपमानही पदरी घ्यावा लागतो, ती व्यवस्था सोडून माणसे शहराच्या कारखान्यात गेली, तर त्यांना दोष कोणी द्यावा? हाताने काम करणाऱ्याला कमी लेखण्याची खोड केवळ आपल्याच देशात आहे असेही नाही. दुसऱ्या शतकातील जस्टिन नावाच्या ख्रिस्ती लेखकाने नोंदवून ठेवले आहे की, येशू सुतार होता आणि तो नांगर व जोखडे करीत असे. बायबलचा पाठ देणारेही ही नोंद सहसा सांगत नाहीत. लाकडाचा भुसा अंगावर असलेला तारणारा आपल्याला थोडा अवघड जातो की काय, कोण जाणे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. सांबरा हे बेळगावच्या पूर्वेस दहा-अकरा किलोमीटरांवर, बागलकोटच्या रस्त्यावरील गाव. बेळगावच्या पश्चिमेस तांबडी, जांभ्याची जमीन आणि भात. पूर्वेस उतरत गेले की काळी जमीन आणि जोंधळा. सांबरा या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात येते. तांबड्या मातीतील बारीक खडे लोखंड कानशीसारखे खातात. काळी माती ओली असता औजाराला चिकटते आणि वाळली की दगडासारखी होऊन दांडे मोडते. त्यामुळे दुरुस्ती दोन्हीकडे अटळ, फक्त दुखणे वेगळे.

धार गेलेल्या हत्याराला भट्टीत लाल करून, ठोकून, पुन्हा पातळ काढण्याच्या क्रियेला आपल्याकडे 'शेवटणे' म्हणतात. खुरपे शेवटून आणले, फाळ शेवटायला टाकला, असे शब्द जुन्या शेतकऱ्याच्या तोंडी सहज येतात. शेवटताना लोखंड वाढत नाही. आतले बाहेर येते एवढेच. म्हणजे प्रत्येक वेळी हत्यार थोडे आखूड होते. जुन्या कुऱ्हाडीचे अंग मऊ लोखंडाचे असे आणि तोंडाला तेवढी पोलादाची पट्टी जोडलेली असे. पोलादाला जुन्या मराठीत 'तिखे' असा सुरेख शब्द आहे. पोलाद हा फारशीतून आलेला. तिखे संपले की कितीही घासा, धार राहत नाही. मग लोहार तोंड फोडून त्यात पोलादाचा नवा तुकडा बसवी, पांढऱ्या तापावर दोन्ही एकजीव करी, आणि कुऱ्हाडीचे आयुष्य आणखी एका पिढीने वाढे.

यानंतरचे काम सर्वांत नाजूक, ते म्हणजे पाणी देणे. लाल तापलेली धार पाण्यात बुडविली की ती काचेसारखी कठीण होते आणि काचेसारखीच तुटते. म्हणून अनुभवी लोहार फक्त धारेचा भाग बुडवितो, बाहेर काढून झटपट घासून चकचकीत करतो आणि पाहत राहतो. मागील अंगातील उष्णता हळूहळू धारेकडे येऊ लागते व चकाकीवर रंग चढू लागतात: प्रथम फिकट गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. ज्या हत्याराला जो रंग हवा, तो येताच पुन्हा पाण्यात. लाकडावर घाव घालणाऱ्या कुऱ्हाडीला पिवळ्यावर थांबविले तर तोंडाचा टवका उडेल. निळ्याच्याही पुढे जाऊ दिले तर धार वळेल. भट्टी सावलीत, थोड्या अंधारात का असते, याचे कारण मात्र तापलेल्या लोखंडाची लाली. उन्हात ती नीट ओळखू येत नाही. ज्याला उष्णतामापक ठाऊक नव्हता, त्याने डोळ्यांनी तापमान मोजले. याला अडाणीपणा म्हणणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांनी एकदा जांभळ्या क्षणी पाणी देऊन दाखवावे.

लोखंडाचे झाले; आता दांड्याचे. ज्या भोकात दांडा बसतो त्याला 'नेढे' म्हणतात. आजकालच्या मुलांना सुईचे नेढे माहीत असते, कुदळीचे नसते. नेढ्याचे दोन प्रकार ध्यानात घेण्याजोगे आहेत. कुदळ आणि टिकाव यांचे नेढे वरून रुंद आणि खाली अरुंद असते. दांडा वरच्या बाजूने घालावयाचा, त्याचे जाड टोक नेढ्यात अडकते आणि प्रत्येक घावासरशी ते अधिकच घट्ट होते. येथे पाचरीची गरजच नाही. बेळगावकडे टिकावाला 'पिकास' म्हणतात; तो शब्द इंग्रजी 'पिकॅक्स'चेच रूप दिसतो. हातोड्याची व विलायती कुऱ्हाडीची रीत उलटी. तेथे दांडा खालून जातो, वर आलेले टोक चिरून त्यात पाचर ठोकावी लागते, आणि पाचर ढिली झाली की पाते उडते. हे उडणे इतके जुने आणि इतके धोक्याचे आहे की, मोशेच्या नियमशास्त्रातही त्याचा विचार केला आहे: लाकूड तोडताना दांड्यातून पाते निसटून शेजाऱ्याचा प्राण गेला, तर तो खून नव्हे, अशा माणसाला आश्रयनगरात पळून जाता यावे. खुरपे आणि विळा यांना नेढे नसते, शेपटी असते. ती लाल करून लाकडी मुठीत जाळत बसवितात, आणि मूठ चिरू नये म्हणून तोंडाशी लोखंडी कडे घालतात. मुसळाच्या टोकाच्या अशा कड्याला 'साम' म्हणतात.

लाकूड कोणते? आपल्याकडे दांड्याला धावड्याची कीर्ती मोठी. तो चिवट असतो, वाकतो पण चटकन मोडत नाही. गाडीचा आसही त्याचाच करीत. धावडा नसेल तर तिवस, आणि सपाटीवर बाभूळ. साग दारे-खिडक्यांना उत्तम. पण कुऱ्हाडीच्या दांड्याला तो घेऊ नये, धक्क्याने चिरतो. लाकूड करवतीने कापण्यापेक्षा फोडून घेणे बरे, कारण फुटताना ते आपल्या रेषेने फुटते आणि रेषा टोकापासून टोकापर्यंत अखंड राहते. रेषा आडवी गेली की दांडा तेथेच मोडणार. आणि लाकूड वाळलेले हवे. ओला दांडा आज कितीही घट्ट बसला तरी महिन्याने आकसतो. सैल झालेली कुदळ रात्रभर पाण्यात बुडवून ठेवण्याची युक्ती घरोघर चालते. त्या दिवसापुरते काम भागते, पण फुगलेले तंतू नेढ्याच्या कडेवर चेंगरतात आणि वाळल्यावर दांडा पूर्वीपेक्षाही सैल होतो. म्हणूनच जुन्या घरांतून चुलीच्या वरच्या माळ्यावर दोन-चार कच्चे दांडे कायम धूर खात पडलेले असत. ते त्या घराचे राखीव धन.

नवरात्रात खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा होते, कर्नाटकात तीच आयुधपूजा. त्या दिवशी कोनाड्यातली, गोठ्यातली, बांधावर विसरलेली सारी हत्यारे घासून पुसून एके ठिकाणी मांडली जातात. पूजेच्या भावनेविषयी मी बोलणार नाही. तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. पण इतिहासाच्या दृष्टीने पाहिले तर ही घरातील हत्यारांची वार्षिक तपासणीही होती. कोणते पाते गेले, कोणता दांडा चिरला, हे सुगीच्या आधी सर्वांच्या डोळ्यांसमोर येई.

या जुन्या जगाला पहिला धक्का बसला, तो याच बेळगावात. गुर्लहोसूर येथे १८६९ साली जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिक्षक होते. १८८८ साली बेळगावात किर्लोस्कर बंधूंचे सायकलचे दुकान निघाले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत आणि बंधू रामूअण्णा त्या विकीत व चालविण्यास शिकवीत. पुढे लक्ष्मणराव स्वतः बेळगावास आले, कडबा कापण्याची यंत्रे करू लागले आणि १९०३ साली त्यांनी लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन विषारी होईल, या भीतीने शेतकरी त्या नांगराला हात लावीनात, आणि दोन वर्षे तो खपला नाही, अशी हकीगत प्रसिद्ध आहे. या भीतीला आपण हसतो. पण मला वाटते, तिच्या तळाशी आणखी एक शंका असू शकेल, आणि ती हसण्यासारखी नाही: हा मोडला तर नीट कोण करणार? लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार होता. त्याचा फाळ म्हणजे लोखंडाचा एक लांब गज. झिजला की पुढे सरकवावा, बोथटला की शेवटून घ्यावा. ओतीव लोखंड मात्र घणाखाली पसरत नाही, फुटते. गावच्या ऐरणीवर त्याला उपचार नाही.

यावर तोड विलायतेत शंभर वर्षे आधी निघाली होती. इप्सविचच्या रॉबर्ट रॅन्समने १८०३ साली ओतीव फाळाची खालची बाजू एकदम थंड करून कठीण करण्याची कृती शोधली. वरची मऊ बाजू आधी झिजते, त्यामुळे चालता चालता धार आपोआप राहते. १८०८ साली त्याने नांगराचे भागच असे केले की, एक काढून त्याच मापाचा दुसरा शेतातच बसविता यावा. सुट्या भागांचे युग शेतीत आले ते असे. फार मोठी सोय, यात संशय नाही. परंतु दुरुस्ती म्हणजे नवा भाग विकत आणणे, हा अर्थही तेव्हापासून रूढ होऊ लागला. किर्लोस्करांना बेळगावची जागा नगराच्या विस्तारापायी सोडावी लागली. औंधच्या संस्थानिकांनी दिलेल्या जमिनीवर व कर्जाऊ दहा हजार रुपयांवर १९१० साली कुंडलरोडजवळ किर्लोस्करवाडी उभी राहिली. बेळगाव त्या कारखान्याला मुकले, पण ओतकामाला नव्हे. उद्यमबागेतील ओतशाळा आज दूरदूरच्या यंत्रांचे भाग ओततात.

सांबऱ्यात तर नवे जग आकाशातूनच उतरले. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, ब्रिटिश हवाई दलाने तेथे विमानतळ उभारला. आज तेथे भारतीय हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र आणि बेळगावचा नागरी विमानतळ आहे. विमानतळ असो वा कारखाना, पगाराची कामे जवळ आली की खळ्यावरचे धान्य कारागिराला पुरेनासे होते. मुंबई राज्याने १९५३ साली गावाच्या उपयोगी सेवांबद्दलची इनामे कायद्याने रद्द केली. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई राज्यात होता, १९५६ च्या नोव्हेंबरात तो म्हैसूर राज्यात गेला. पण कायदा झाला नसता तरी बलुते टिकले असते असे नाही. त्याचा पाया आधीच खचला होता.

बलुतेदार लोहाराची जागा काही अंशी घिसाड्यांनी भरून काढली. बैलगाडीवर बिऱ्हाड, झाडाखाली भट्टी, आणि घण बाईच्या हाती! पुरुष सांडशीने लोखंड धरतो व लहान हातोड्याने जागा दाखवितो, आणि त्याची घरवाली तेथे घणाचा घाव घालते. स्त्रीला जड काम झेपत नाही, असे सांगणाऱ्यांनी हे दृश्य पाहावे. मोटारीच्या मोडक्या कमानीचे पाटे विकत घेऊन ते त्याचे कोयते आणि कुऱ्हाडी करतात. हे पोलाद उत्तम असते. मृगाच्या आधी ते येतात आणि पाऊस लागला की हलतात. बलुत्याशी त्यांचा संबंध नाही, रोख पैसा द्यावा आणि काम घ्यावे. कायमचे घर नाही, म्हणून कागदपत्रे नाहीत. कागदपत्रे नाहीत, म्हणून मुलांना शाळा अवघड. आपल्या कोयत्याची धार ज्यांनी राखली, त्यांच्या मुलांच्या अक्षरओळखीचे आपण काय केले, हा प्रश्न शिक्षकाने तरी विचारलाच पाहिजे.

पलिष्ट्यांची गोष्ट जुनी झाली असे कोणी समजू नये. अमेरिकेत ट्रॅक्टर बिघडला तर त्यातील संगणकाची किल्ली कंपनीकडे असते. शेतकऱ्याच्या हातात पाना असूनही तो यंत्र सुरू करू शकत नाही. यावरून तेथे मोठे वाद झाले, आणि कोलोरॅडो राज्याने २०२३ साली शेतीची यंत्रे स्वतः दुरुस्त करण्याचा शेतकऱ्याचा हक्क कायद्याने मान्य केला. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्यानेही २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि तिच्या विषयांत शेतीची अवजारे घेतली. पीम देण्याची पाळी पुन्हा येऊ नये, यासाठीचीच ही खटपट आहे.

सांबऱ्यात काय किंवा निपाणीच्या तंबाखूच्या शिवारात काय, आजही पुष्कळ घरांच्या परसात दांडा नसलेली कुदळ, गंजलेली कुऱ्हाड, मूठ जळालेले खुरपे पडून असते आणि एके दिवशी भंगारवाल्याच्या तराजूत जाते. तत्पूर्वी एवढे पाहावे. विटेच्या भुकटीने गंज घासून काढावा. नेढ्याला चीर नसेल आणि धारेशी कानस घसरत असेल, लोखंड खात नसेल, तर तेथे तिखे अजून शिल्लक आहे असे समजावे. असे हत्यार पुन्हा उभे राहते. जुना दांडा नेढ्यात अडकला असेल तर तो जाळून काढू नये, त्याने धारेचे पाणी उतरते. ठोकून किंवा पोखरून काढावा. नव्या दांड्याला जवसाचे तेल दोन-तीनदा पाजावे. आणि लाकूड दिवाळीनंतर, झाडातील रस कमी असताना, तोडलेले घ्यावे. यंदाचे तोडलेले पुढच्या वर्षी वापरावे.